सिकल वेगळा, पोराचा कॅन्सर वेगळा

सिल्वासा, खानवेल, दपाडा या पट्ट्यात सिकल सेलचं नाव ऐकलं नाही असं घर विरळाच. सिकल आई-बापाकडून येतो, हे इथं पाठ झालंय आणि ते खरंच आहे. पण तोच हिशोब लहान मुलाच्या कॅन्सरलाही लावतात, तेव्हा डोकं फिरतं. निदानाचा कागद हातात पडतो न पडतो तोच प्रश्न येतो, "हिच्या माहेरी कुणाला होता का?"

सिकलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. हा बदल जन्मतःच मुलाच्या सगळ्या पेशींच्या जनुकांत असतो. आता मेंदूच्या देठातला एक घातक ग्लायोमा घ्या. तिथंही एवढंसंच बिघडलेलं असतं: हिस्टोन एच-३ या प्रथिनात सत्ताविसाव्या जागी लायसिनऐवजी मेथिओनिन. हे २०१२ मध्ये उघड झालं. पण हा बदल गाठीच्या पेशींपुरताच असतो. तो आईकडून येत नाही, बापाकडूनही नाही. पोराच्या शरीरातच एखाद्या पेशीत घडतो.

मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारात दोन जनुकांचे तुकडे चुकीचे जुळतात आणि ईटीव्ही६-रनएक्स१ हे जोडप्रथिन तयार होतं. बऱ्याचदा हे गर्भातच घडतं. आता गर्भ म्हटला, की बाईनं काय खाल्लं, ग्रहणात बाहेर पडली का, हे सुरू! अहो, अशी जोड घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना कॅन्सर कधीच होत नाही. त्यासाठी पुढे आणखी बदल व्हावे लागतात.

आनुवंशिक कॅन्सर नसतोच असं नाही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या २०१५ च्या अभ्यासात कॅन्सरग्रस्त ११२० मुलं-तरुण तपासले. जन्मजात सदोष जनुक साडेआठ टक्क्यांत निघालं. डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमात मात्र हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास जातं, आणि त्यातही अनेकांच्या घराण्यात आधी कुणालाच तो झालेला नसतो. म्हणून बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर माहेर-सासर उकरत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळा. निदान झालं तर भावंडांचेही डोळे तपासून घ्या.

बाकीचे गैरसमज झटपट. 'प्रथिनात दोष, म्हणून डाळ-अंडी बंद': उलट उपचार सोसायला तीच लागतात. 'शिवाशिवीनं होतो': नाही. 'सिकलची तपासणी चांगली आली, म्हणजे कॅन्सर नाही': ती तपासणी फक्त हिमोग्लोबिन पाहते.

आणि 'जनुकांची तपासणी पैसे उकळायला सांगतात' म्हणणाऱ्यांसाठी: बीसीआर-एबीएल हे जोडप्रथिन सापडलं, तर केमोथेरपीला इमॅटिनिबसारखी नेमकी त्यावरची गोळी जोडता येते. तपासणीच टाळली, तर ती गोळी द्यायची हे डॉक्टरला कळणार कुठून?