मिटता चाकू : पारख आणि जतन

वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या खिशात तंबाखूच्या चंचीशेजारी एकेकाळी मिटता चाकू हमखास असावयाचा. असे कित्येक चाकू आज मोडीत जातात. त्यांचा संग्रह करणे हा स्तुत्य छंद होय. परंतु मुठीवरील पितळेच्या चकाकीस भुलून त्यांची पारख करू नये.

चाकूचे गुण पात्यात व कमानीत असतात. उघडताना कमानीने पाते ठामपणे धरावे, उघडल्यावर ते डावीउजवीकडे हलू नये आणि मिटल्यावर धार कमानीवर टेकू नये. पात्याच्या बुडाशी कारखान्याची खूण पाहावी. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स यांच्या पात्यावर तारा व क्रूस असे. वर्षानुवर्षे सहाणेवर घासून पाते अरुंद झाले असले, तरी तो दोष नव्हे. झीज सारखी असली म्हणजे झाले.

चांगल्या पात्याचे मोल वरूड, मोर्शी, शेंदुर्जना घाट या भागांतील कलमे बांधणारा जाणतो. जंभेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा बसवावयाचा, तर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखा छेद एका हातासरशी पडला पाहिजे. बोथट पात्याने सालीखालचा कोवळा थर चेंगरतो व डोळा सुकतो. रोगट झाडावर वापरलेले पाते निर्जंतुक न करता निरोगी खुंटावर चालविल्यास रोगही पसरू शकतो. कलम लावल्यापासून फळ येण्यास चार-पाच वर्षे लागतात. तोपर्यंत फसलेल्या बागाइतदाराचा पैसा व पाणी दोन्ही खर्ची पडलेली असतात.

जुन्या चाकूस विजेच्या सहाणेवर कधीही देऊ नये. तापून पाते निळे पडले की पोलादाचे पाणी उतरते व धार टिकत नाही. गंज रॉकेलात भिजवून लाकडी चिपेने काढावा. करडी काळसर झाक मात्र गंज नव्हे, ती राहू द्यावी. संत्र्या-लिंबाचा आंबट रस लागल्यास पाते तत्काळ पुसून कोरडे करावे, सांध्यात तेलाचा थेंब सोडावा. चामड्याच्या म्यानात ओल धरते, म्हणून चाकू त्यात साठवू नये.

शेवटी, प्रत्येक चाकूसोबत एक चिठ्ठी ठेवावी : तो कोणाचा, कोठे घेतला आणि कोणत्या कामी आला. ही हकीकत सांगणारी वडील माणसे आहेत तोवरच ती लिहून घ्यावी. मागाहून हाती केवळ लोखंड उरेल.