पासबुकातल्या त्या तीन ओळी

पोळा जवळ आला की आमच्या घरी शिलाई मशीनला उसंत नसते. आमच्या सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा पाहायला बाहेरगावची माणसंही येतात. लाकडी नंदीबैल सजतात, त्यांच्यासोबत लेकरंही नटतात. मग कुणाला बैलाची झूल हवी असते, कुणाला लेकासाठी धोतर-कुर्ता. त्या दिवसांत चार पैसे सुटतात, ते मी माझ्या खात्यात टाकते. माझ्या म्हणजे अगदी माझ्या! लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर मी एकटीच्या नावानं उघडलेलं हे खातं.

गेल्या वर्षी हंगामाच्या आधी पिको-फॉलची मशीन घ्यायचं मनात होतं. किती पैसे जमले ते पाहावं म्हणून बँकेत जाऊन पासबुकची एन्ट्री मारून आणली. शेवटचा आकडा पाहिला आणि पोटात गोळाच आला. वहीत माझा हिशेब वेगळा होता, पासबुकात १५९० रुपये कमी!

ओळीन् ओळ पाहिली. मे, जून, जुलै, तीनही महिन्यांत २९९ रुपये गेलेले. पुढे लांबलचक इंग्रजी अक्षरं आणि आकडे. नाव कुठल्याशा कंपनीचं, कधी न ऐकलेलं. मी तर एवढ्या रकमेचं काही घेतलेलं नव्हतं.

मग शंका कुणावर येणार? घरात माझा मोबाईल हाताळणारा एकच, नववीतला माझा धाकटा. दिवसभर गेम चालू असतात त्याचे. तो शाळेतून आला तसा दप्तर ठेवायच्या आत मी त्याला धरला. "सांग, कशात घातले पैसे?"

"आई, मी नाही घेतले. देवाची शपथ."

माझं डोकं तापलेलं होतं. तोंडातून एक शब्द निघून गेला, 'चोर'. घरात तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. पोरगं काही बोललं नाही. ताट तसंच ठेवून आजीच्या खोलीत जाऊन बसलं. दोन दिवस माझ्याशी बोललं नाही आणि मीही माझा ताठा सोडला नाही.

आमच्या मोहल्ल्यातली एक सून बँकमित्र म्हणून काम करते. म्हाताऱ्या माणसांना अंगठा लावून पैसे काढून देते. तिसऱ्या दिवशी पासबुक आणि मोबाईल घेऊन मी तिच्याकडे गेले. तिनं पाचेक मिनिटं दोन्ही समोरासमोर ठेवून पाहिलं आणि हसून म्हणाली, "काकू, चोर कोनी नाही. तुम्हीच दर महिन्याले देऊन राहिल्या."

मैत्रिणींनो, त्या वेळी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

झालं होतं असं. एप्रिलमध्ये एका रात्री वीज गेली आणि माझ्या मालिकेचा नेमका महत्त्वाचा भाग चुकला. मोबाईलवर एका ॲपमध्ये तो दिसत होता आणि खाली लिहिलेलं होतं, फक्त १ रुपया. एक रुपया म्हणजे काय हो, आजकाल त्यात गोळीसुद्धा धड येत नाही! मी पिन टाकला, भाग पाहिला आणि विसरून गेले. तो एक रुपया फक्त सात दिवसांचा होता. सात दिवसांनंतर दरमहा २९९ रुपये आपोआप कापायची परवानगी मी त्याच पिननं देऊन बसले होते. बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. मे महिन्यात ते ॲप मी काढून टाकलं, म्हटलं संपलं. पण ॲप काढलं म्हणून वर्गणी थांबत नाही. पेपरवाल्याला 'उद्यापासून टाकू नको' असं सांगितल्याशिवाय पेपर बंद होतो का? तसंच हे.

या आपोआप कापणीला 'ऑटोपे' म्हणतात. यूपीआयवर ही सोय २०२० साली आली. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, मोबाईलचा रिचार्ज यांसाठी ती चांगलीच आहे. पहिल्यांदा पिन टाकावा लागतो, पुढे १५ हजार रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी पिन लागत नाही. मात्र पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला तसा संदेश गेलाच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे. माझ्या मोबाईलमध्ये ते तीनही संदेश होते! 'डेटा संपला', 'लोन घ्या', 'लकी ड्रॉ' यांच्या ढिगाऱ्यात, इंग्रजीत, न उघडलेले.

तिनं मला तिथंच बसवून माझ्याच हातानं ते बंद करायला लावलं. बहुतेक यूपीआय ॲपमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवलं की 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' हा शब्द सापडतो. आत गेलं की कुणाकुणाला परवानगी दिली आहे त्याची यादी दिसते. नको ते निवडायचं, रद्द करायचं, पिन टाकायचा. गेलेले ८९७ रुपये काही परत आले नाहीत, कारण परवानगी माझीच होती. पण चौथा हप्ता वाचला.

मग मी विचारलं, "आणि बाकीचे ६९२?" तिनं एकेका ओळीवर बोट ठेवलं. ४३६ रुपये म्हणजे पंतप्रधान जीवन ज्योती विमा, २० रुपये म्हणजे पंतप्रधान सुरक्षा विमा. खातं उघडताना मी त्या फॉर्मवर सही केली होती. वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून हे पैसे मे-जूनच्या सुमाराला कापले जातात. पहिल्यात कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर, दुसऱ्यात अपघाती मृत्यू आला तर, घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. हे घरात कुणाला माहीतच नसेल तर मागायला जाणार कोण? राहिले २३६. ते एटीएम कार्डाचे वर्षाचे २०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३६. आणि तो एप्रिलमधला एक रुपया. झाले १५९०. पै न् पै जुळली.

त्या दिवशी मी पासबुक वाचायला शिकले. तुम्हालाही सांगते. प्रत्येक ओळीत चार गोष्टी पाहायच्या. पहिली तारीख. दुसरी, 'डीआर' आहे की 'सीआर'. 'डीआर' म्हणजे गेले, 'सीआर' म्हणजे आले. तिसरी, कोणत्या वाटेनं गेले. 'यूपीआय' म्हणजे मोबाईलवरून, 'पीओएस' म्हणजे दुकानात कार्ड घासून, 'नॅच' किंवा 'एसीएच' म्हणजे बँकेला आधीच लिहून दिलेला हप्ता. चौथी, कुणाला गेले. यूपीआयच्या ओळीत बारा आकड्यांचा एक नंबर असतो. तोच नंबर मोबाईलमधल्या व्यवहाराच्या तपशिलात शोधायचा. तिथं तारखेसोबत वेळही दिसते. रात्री साडेनऊची वेळ पाहिली तेव्हाच माझी ट्यूब पेटली.

नावाचं कोडं मात्र सगळ्यांनाच पडतं. दुकानाच्या पाटीवरचं नाव एक आणि कागदावरचं दुसरं. पेटीएम सगळ्यांना माहीत, पण ती चालवणाऱ्या कंपनीचं नाव वन नाइन्टी सेव्हन कम्युनिकेशन्स आहे. आपल्या गावातही तेच. किराणा 'माउली'चा, पण क्यूआर कोड मालकाच्या मुलाच्या नावाचा. म्हणून अनोळखी नाव दिसलं की लगेच घाबरायचं नाही. आणखी एक. 'यूपीआय लाइट' वापरत असाल तर छोट्या रकमांना पिन लागत नाही आणि त्या पासबुकात एकेक करून दिसतही नाहीत. त्यात एकदम भरलेली रक्कम तेवढी दिसते. तो हिशेब ॲपमध्येच पाहायचा.

लेकरांच्या बाबतीत माझी शंका या वेळी खोटी ठरली, पण ती अगदीच हवेतली नव्हती. अमेरिकेत असंच घडलं. एकदा पासवर्ड टाकला की पुढची काही मिनिटं पुन्हा पासवर्ड न देता खरेदी होत असे. ॲपलच्या बाबतीत ही मुदत पंधरा मिनिटांची होती. तेवढ्यात लेकरं गेममधल्या वस्तू घ्यायची आणि बिल आईबापांना. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं प्रकरण लावून धरलं आणि २०१४ साली ॲपलनं किमान ३ कोटी २५ लाख डॉलर, तर गूगलनं किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करायचं मान्य केलं. तेव्हा मोबाईल लेकरांच्या हाती देत असाल तर पिन सांगू नका आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय चालू ठेवा. तिथंच 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये काय काय घेतलं त्याची यादीही मिळते.

आणि सगळं तपासूनही एखादी ओळ आपली नाहीच निघाली तर? मग मात्र एक दिवसही घालवायचा नाही. पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला कळवून कार्ड, यूपीआय बंद करायला सांगायचं. १९३० या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवायची. शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यायची. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात सांगितलं की चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कुणाची आहे, आणि ग्राहकानं तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. आपणच कुणाला पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपल्या माथी. म्हणून लवकर कळवणं महत्त्वाचं. बँकेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्यासाठी १४४४८ हा नंबर आहे.

घाबरलेल्या माणसालाच लुबाडणारे टपलेले असतात, हेही ध्यानात ठेवा. कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथं ठगांचे नंबरही असतात. 'पैसे परत देतो, पिन टाका' असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा पोरगं नंदीबैलाच्या चाकाला तेल घालत बसलं होतं. मी जवळ बसले. म्हटलं, "पैसे मीच घालवले रे बाबू. चुकलं माझं." लेकरासमोर 'चुकलं' म्हणायला जीभ जड होते, पण म्हटलं. तो वर न पाहताच म्हणाला, "मले माहीत होतं. पण तू ऐकूनच घेत नव्हती." मग हळूच म्हणाला, "त्या मालिकेचा शेवट काय झाला?"

मशीन दिवाळीला आली. आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं बसतो. तो मोबाईलमधले नंबर वाचतो, मी पासबुकावर टिक करते. बचत गटाच्या बैठकीत पासबुक दाखवलं, तर पुढच्या वेळी आणखी तिघी आपापलं घेऊन आल्या. एकीच्या खात्यातून भजनाच्या ॲपला गेलं वर्षभर पैसे जात होते. तिनंही आधी सुनेलाच विचारलं होतं.

तुमच्या पासबुकची शेवटची एन्ट्री कधी मारली होती, जरा काढून बघा.