प्राथमिक वर्गातील पाठ्यघटक आणि संगीत-कृतींची निवड : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
कलाशिक्षण हे शालेय अध्ययनाचे अविभाज्य अंग असावे, अशी भूमिका राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मध्ये घेण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही कला-समेकित अध्ययनाचा पुरस्कार केलेला आहे. तथापि प्रत्यक्ष वर्गात संगीताचे समेकन बहुधा शब्दसाम्यापाशीच थांबते. 'पाऊस' हा घटक आला की पावसाचे गाणे, 'वाहतूक' आला की गाडीचे गाणे, अशी निवड होते. ग. दि. माडगूळकरांचे अगीनगाडीवरील बालगीत मुलांना अतिशय प्रिय आहे. परंतु त्याचा जीव मामाच्या गावाच्या ओढीत आहे. 'आपले नातेवाईक' या घटकाला ते अधिक शोभते. गाण्यात घटकाचा केवळ उल्लेख आहे, की घटकातील एखादी संकल्पना नादातून, लयीतून अनुभवता येते, हा निवडीचा पहिला प्रश्न होय.

वाहतूक : आठ स्थानके, आठ मात्रा
16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी रेल्वेगाडी धावली आणि 1854 मध्ये हा मार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. येथील बालकाला लोकल नव्याने शिकवावी लागत नाही. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण ही आठ स्थानके त्याला पाठ असतात आणि केरवा तालाच्या मात्राही आठच आहेत. धीम्या गाडीसाठी प्रत्येक मात्रेवर टाळी द्यावी. जलद गाडीसाठी पहिली, सहावी व आठवी एवढ्याच टाळ्या वाजवाव्यात. दिव्याला थांबणारी गाडी असेल तर चौथीही. मधल्या मात्रा मनात मोजाव्या लागतात. न वाजवलेल्या मात्रेलाही काळ असतो, ही संगीतातील अवघड गोष्ट दुसरीतील मूल येथे सहज आत्मसात करते. केरव्याची खाली पाचव्या मात्रेवर, म्हणजे कोपरला येते. परतीच्या प्रवासात ती दिव्याला येते आणि डोंबिवली सहाव्या मात्रेवरून तिसऱ्या मात्रेवर सरकते.

स्थानकांची नावे उच्चारताना भाषेचा घटकही साधतो. 'दिवा' दोन अक्षरांचा, 'कळवा' तीन, 'डोंबिवली' चार. एकाच मात्रेत ही अक्षरे बसवताना दुप्पट, तिप्पट व चौपट यांची ओळख होते. मात्र या कृतीची मर्यादाही शिक्षकाने ध्यानात ठेवावी. मात्रा समान असतात, स्थानकांमधील अंतरे तशी नसतात. अंतराचा पाठ नकाशावरच घ्यावा. तालातून तो शिकविल्यास चुकीची समजूत रुजेल.

पाऊस व पाणी :
येथे लयीपेक्षा नादाचा लहानमोठेपणा उपयोगी पडतो. तळहातावर एक बोट, मग दोन, चार, शेवटी पूर्ण टाळी आणि त्याच क्रमाने परत, एवढ्यात सर येऊन ओसरते. हीच कृती अतिसंथ गतीने केल्यास ती ठाणे खाडीच्या भरती-ओहोटीसाठी वापरता येते. साहित्य काहीच लागत नाही. शेजारच्या वर्गाची भिंत पातळ असेल तर बोटांपाशीच थांबावे, हेही नियोजनच आहे.

परिसरातील गाणी :
'आपले सण', 'आपले कुटुंब' या घटकांसाठी स्थानिक परंपरा सर्वांत समृद्ध आहे. निवडीतील चुकाही येथेच अधिक होतात. स्नेहसंमेलनात ध्वनिमुद्रित, ठेकेदार गाण्यांवर नाच बसविला जातो आणि तीच आगरी-कोळी लोककला म्हणून मुलांच्या मनावर ठसते. आगरी समाजातील धवला हा लग्नविधींशी जोडलेला, धवलारीण स्त्रियांनी म्हणावयाचा गीतप्रकार आहे. डोंबिवली व कल्याणलगतच्या गावांतून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या घरी तो जाणणारी आजी असू शकते. तिला वर्गात बोलावून ऐकणे, कोणत्या विधीला काय म्हणतात हे विचारणे, ही संगीत-कृतीच होय. मुलांनी धवला म्हणून दाखविलाच पाहिजे असे नाही. ज्या मुलाची घरची बोली वर्गात 'अशुद्ध' ठरविली जाते, त्याची आजी त्या दिवशी वर्गाची गुरू असते.

वारली समाजाचे तारपा हे वाद्य वाळलेल्या भोपळ्यापासून बनते. 'वनस्पतींचे उपयोग' शिकविताना त्याचा नाद ऐकवून 'हे कशाचे बनले असेल?' असा प्रश्न आधी विचारावा, चित्र नंतर दाखवावे.

या दृष्टीला येथील पूर्वपीठिकाही आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व अनुताई वाघ यांनी परिसरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनाच शैक्षणिक साधने मानले. 2014 च्या जिल्हाविभाजनानंतर ही गावे पालघर जिल्ह्यात गेली.

मूल्यमापन :
गळा गोड आहे की नाही, हे येथे तपासावयाचे नाही. केरव्याच्या कृतीनंतर 'जलद गाडी कोठे थांबली नाही?' असे विचारावे. जे मूल बेसूर असूनही 'कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर आणि ठाकुर्ली' असे उत्तर देते, त्याला घटकही समजला आहे आणि तालही.