घळई कोण कोरते?

अमेरिकेत शाळांच्या उन्हाळी सुट्टीत मुलांची शिबिरे भरतात. शिबिरप्रमुखाबरोबर स्टेट पार्कमधील पायवाटांनी भटकणे हा तेथील मुलांच्या आवडीचा कार्यक्रम असतो. न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन हे असेच एक निसर्गरम्य स्टेट पार्क आहे. सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाशी असलेली ही जागा राज्याने १९०६ साली ताब्यात घेतली. येथे एका ओढ्याने खडक कापून खोल, अरुंद घळई तयार केली आहे. सुमारे ३ किलोमीटरच्या अंतरात हा ओढा १२० मीटर खाली उतरतो आणि वाटेत १९ धबधबे घेतो. बाजूचे कडे ६० मीटरपर्यंत उंच आहेत. पायवाटेला ८३२ दगडी पायऱ्या असून ती काही ठिकाणी चक्क धबधब्याच्या मागून जाते!

मुलांना एक गोष्ट मात्र बजावलेली असते : पायवाट सोडून ओढ्यात उतरायचे नाही. एरवी ओढ्याचे पाणी बेताचेच दिसते. मग एवढी भीती कशाची? आणि एवढ्याशा पाण्याने हा खडक कापला तरी कसा?

सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी हिमयुग संपले. हिमनदीने सेनेकाची मुख्य दरी खूप खोल खणून ठेवली होती. बाजूने येणारा ओढा त्यामुळे उंचावर राहिला आणि तेथून खाली कोसळू लागला. येथील खडक थराथरांचा आहे. मऊ थर लवकर झिजतात, कठीण थर मागे उरतात. म्हणूनच येथे एका धबधब्यानंतर दुसरा लागतो.

पण खडक झिजवतो कोण? नुसते पाणी नव्हे, तर पाण्याबरोबर वाहणारे दगडगोटे. पाणी किती मोठा दगड हलवू शकेल, याचा हिशेब करू या. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, वेग दुप्पट झाला. तर त्याच दगडावरील रेटा चौपट होईल. आता चौपट व्यासाचा दगड घ्या. त्याच्या समोरच्या बाजूचे क्षेत्रफळ १६ पट, म्हणून त्यावरील रेटा ४ × १६ = ६४ पट. त्याचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे तेही ६४ पट! याचा अर्थ, वेग दुप्पट झाला की पाणी ६४ पट वजनाचा दगड हलवू शकते. काल १०० ग्रॅमचा गोटा ढकलणारा ओढा आज सहा किलोंहून जड धोंडा ढकलतो. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून मुख्य गोष्ट कळते. घळई कोरण्याचे बरेचसे काम वर्षातील मोजके पुराचे दिवसच करतात.

भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरून खडकात गोल खड्डे पाडतात. यांनाच आपण रांजणखळगे म्हणतो. वॉटकिन्स ग्लेनमध्ये ते आहेत, आणि आपल्याकडे निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रातही आहेत. तेथील खडक बेसॉल्टचा, पण कारागीर तोच!

आता त्या सूचनेचे कारण लक्षात येईल. अरुंद घळईत पाण्याला पसरायला जागा नसते; त्यामुळे पाण्याची उंची आणि वेग दोन्ही झपाट्याने वाढतात. शिवाय पाऊस वरच्या भागात पडत असतो, आणि घळईवरचे आकाश त्या वेळी निरभ्र असू शकते. १९३५ च्या जुलैमध्ये आलेल्या महापुराने येथील पायवाटेची दाणादाण उडवली. ती नंतर स्थानिक दगड वापरून पुन्हा बांधावी लागली.

सह्याद्रीत पावसाळी सहलीला जाल, तेव्हा हा ६४ चा आकडा आठवा. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, की वर पाऊस झाला आहे असे समजा आणि लगेच उंच जागी जा. पलीकडे जाण्याची घाई करू नका. पाणी ओसरेपर्यंत थांबण्यातच शहाणपण आहे.