सिंहलद्वीपांतील पांच दिवस : वाहन कसें निवडावें?

शाळेला सुटी लागली म्हणजे हल्लीं पुष्कळ कुटुंबें चार-पांच दिवसांसाठीं परदेशीं जाऊन येतात, आणि जवळचें बेट म्हणून त्यांत श्रीलंकेचा विचार प्रथम होतो. विमान ठरतें, मुक्कामाच्या जागा ठरतात. परंतु तेथें एका शहराहून दुसऱ्या शहरीं कोणत्या वाहनानें जावयाचें, हा प्रश्न बहुधा शेवटपर्यंत तसाच पडून राहतो. वास्तविक थोड्या दिवसांच्या प्रवासांत याच प्रश्नावर पुष्कळसें सुख अवलंबून असतें. म्हणून विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं त्याचा थोडा विचार येथें करावयाचें योजिलें आहे.

प्रथम बेटाचा आकार ध्यानांत घेऊं. श्रीलंकेचें क्षेत्रफळ सुमारें ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पांचव्या हिश्शाहून किंचित् अधिक आहे. दक्षिणोत्तर लांबी सुमारें ४३० किलोमीटर व रुंदी फार तर सव्वादोनशें. बेट लहान म्हणून अंतरें लहान, आणि अंतरें लहान म्हणून वेळ थोडा, असें अनुमान आपण सहज करितों. यांतील पहिली पायरी बरीचशी खरी असली, तरी दुसरी खोटी आहे. कारण किनाऱ्याजवळची व उत्तरेकडील जमीन सपाट असली, तरी मध्यभागीं दाट डोंगर आहेत, व त्यांचें सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागल हें २,५२४ मीटर आहे. सपाटीवरील किलोमीटर व डोंगरांतील किलोमीटर यांची नकाशावर लांबी एकच. प्रवाशाच्या आयुष्यांत मात्र ती एक नसते.

म्हणून पहिला नियम असा कीं, अंतर किलोमीटरांत मोजूं नये, तासांत मोजावें. आणि तेही स्टेशनापासून स्टेशनापर्यंत नव्हे, तर उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत. सामान बांधणें, स्टेशनावर पोंचणें, गाडीची वाट पाहणें, उतरल्यावर पुन्हां दुसरें वाहन शोधणें, हें सर्व त्या हिशेबांत आलें पाहिजे.

आतां साधनें पाहूं. तीं मुख्यतः तीन : आगगाडी, बस आणि चालकासह भाड्यानें घेतलेली मोटार.

आगगाडीचा मार्ग कोलंबोहून कँडीस १८६७ सालीं पोंचला. डोंगरांतील कॉफी बंदरावर आणणें हा त्याचा मुख्य हेतु होता. पुढें तांबेरा रोगानें कॉफीचे मळे बुडाले व त्या जागीं चहा आला. लोहमार्ग मात्र मळ्यांच्या मागोमाग वर चढत १९२४ सालीं बदुल्लापर्यंत गेला. रुळांमधील अंतर आपल्याकडील मोठ्या मार्गाइतकेंच, साडेपांच फूट, आहे. तरीही गाडी डोंगरांत सावकाश चालते, याचें कारण चढ व वळणें. पट्टिपोल हें स्टेशन समुद्रसपाटीपासून सुमारें १,९०० मीटर उंचीवर आहे. देमोदर येथें तर उतार सौम्य राखण्यासाठीं रूळ एका टेकडीभोंवतीं फिरवून त्याच स्टेशनाच्या खालून बोगद्यांतून नेले आहेत. तेव्हां येथें गाडीस उशीर लागतो अशी तक्रार करणें व्यर्थ होय. जो केवळ पोंचण्यासाठीं जातो त्याला ती गाडी लांब वाटेल; जो खिडकींत बसून चहाचे मळे व धबधबे पाहण्यासाठीं जातो, त्याचें पाहणें गाडींतच सुरू होतें. मात्र अशा गाड्यांतील राखीव जागा लवकर भरतात. त्या पुष्कळ आधीं घ्याव्यात.

बस सर्वांत स्वस्त, व बहुतेक मार्गांवर वरचेवर मिळणारी. सरकारी बसगाड्या तांबड्या रंगाच्या असतात. खाजगीही पुष्कळ आहेत. तिच्यांत गर्दी फार व सामानाला जागा थोडी. ज्याच्यापाशीं एकच पिशवी आहे व ज्याचे पाय धड आहेत, त्यानें बसनें खुशाल जावें. मोटार महाग, परंतु माणसें चार-पांच असतील तर भाडें वांटलें जातें, आणि वाटेंत हवें तेथें थांबतां येतें. लहान मूल किंवा वृद्ध माणूस बरोबर असतां या थांबण्याची किंमत फार मोठी आहे.

उदाहरणार्थ, कोलंबोहून गॉल हें दक्षिणेकडील किल्ल्याचें शहर पाहावयाचें आहे. २०११ सालीं झालेल्या द्रुतगति मार्गानें बस किंवा मोटार तेथें लवकर पोंचते. आगगाडीस अधिक वेळ लागतो, पण ती बराच वेळ समुद्राच्या अगदीं कांठानें जाते. तेव्हां जातांना आगगाडी व परततांना द्रुतगति मार्ग घेतला, तर समुद्रही पदरांत पडतो आणि संध्याकाळही वांचते. दोन्ही वेळां एकच वाहन घेतलें पाहिजे असा कांहीं नियम नाहीं.

हे सर्व नियम मला आज सुचतात. पण ज्या वेळीं ते सुचावयास हवे होते, त्या वेळीं सुचले नाहींत. कांहीं वर्षांपूर्वीं नाताळच्या सुटींत आम्ही पांच दिवसांसाठीं श्रीलंकेस गेलों. माझी आई बरोबर होती. ती मिशनच्या शाळेंत शिकलेली व पुढें तेथेंच शिक्षिका झालेली. ज्या अमेरिकन मंडळाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले, त्याच मंडळानें १८१६ सालीं जाफना प्रांतांत कार्य सुरू केलें, आणि १८२४ सालीं उडुविल येथें मुलींची निवासी शाळा काढली, हें तिनें लहानपणीं ऐकिलें होतें. ती म्हणाली, "बाळ, एवढे लांब जातों आहोंत, तर तेवढी मुलींची शाळा डोळ्यांनीं पाहूं."

मीं नकाशा उघडला. कोलंबोहून जाफना जवळजवळ चारशें किलोमीटर. कँडी त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी, आणि कँडीहून नुवारा एलिया तर अवघें सत्याहत्तर. मीं म्हटलें, "आई, जाफना फार दूर. पुढच्या खेपेस जाऊं." आईनें वाद घातला नाहीं.

आम्ही मोटारीनें डोंगरांत गेलों. कँडीची उंची सुमारें ५०० मीटर, नुवारा एलियाची १,८६८. त्या सत्याहत्तर किलोमीटरांत वळणामागून वळण आलें, पाऊस आला, आणि माझा दोन तासांचा हिशेब अंधार पडेपर्यंत लांबला. वळणांनीं आईचा जीव इतका घाबरा झाला कीं, दुसरा सबंध दिवस ती खोलींत पडून होती. पाहावयाचीं स्थळें राहिलीं तीं राहिलींच. घरीं आल्यावर मीं पुन्हां हिशेब मांडला. येण्याचा व जाण्याचा दिवस सोडून आमच्या हातीं तीन दिवस होते. युद्धामुळें १९९० पासून बंद पडलेला जाफन्याचा लोहमार्ग २०१४ सालीं पुन्हां सुरू झाला होता. मार्ग बहुतेक सपाट. सहा ते आठ तासांचा प्रवास, एकाच जागीं बसून. एक दिवस जाण्यास, एक राहण्यास, एक परतण्यास. तीन दिवस अगदीं पुरेसे होते. चारशें किलोमीटर आईला सोसले असते. सत्याहत्तर सोसले नाहींत. पुढची खेप आलीच नाहीं; आई आतां प्रभूच्या घरीं गेली आहे.

म्हणून दुसरा नियम मी पहिल्याहून मोठा मानतों : वाहन निवडण्यापूर्वीं, बरोबरच्या माणसांपैकीं सर्वांत दुबळें कोण आहे व कोणाची इच्छा सर्वांत जुनी आहे, हें विचारावें, आणि "दूर आहे" असें उत्तर देण्यापूर्वीं तास मोजावेत.

तिसरा नियम सावधगिरीचा. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेस कटुनायके येथें आहे. परतीच्या दिवशीं डोंगरांतून किंवा जाफन्याहून थेट विमानाकडे धांवण्याचा बेत करूं नये. शेवटची रात्र कोलंबोंत किंवा विमानतळाजवळच काढावी. तसेंच निघण्यापूर्वीं मार्ग चालू आहे कीं नाहीं याची चौकशी अवश्य करावी. २०२५ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस दित्वा नांवाच्या चक्रीवादळानें पूर येऊन व दरडी कोसळून शेंकडों माणसें दगावलीं, व रस्त्यांची आणि लोहमार्गांची फार मोठी हानि झाली. अशा देशांत जुन्या वेळापत्रकावर विसंबून चालत नाहीं. आणि कोठें खोळंबा झालाच, तर त्या लोकांनीं काय सोसलें आहे तें आठवून पाहुण्यानें चिडूं नये.

शुभवर्तमानांतील बुरूज बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपण सर्वांस ठाऊक आहे. आधीं बसून हिशेब करणें यांत कंजूषपणा नाहीं, शहाणपण आहे. विद्यार्थिमित्रहो, पुढच्या सुटींत घरीं प्रवासाचा बेत निघाला, तर पाटी-पेन्सिल तुम्हीं घ्या. एका रकान्यांत किलोमीटर लिहा, दुसऱ्यांत तास, तिसऱ्यांत खर्च. मग चौथा रकाना आंखा, व तो भरण्यापूर्वीं आपल्या आजीआजोबांजवळ जाऊन बसा.