धुक्यातला वळसा

ऑक्टोबर २००८. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधली ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ ही दोघादोघांच्या जोड्यांची, तंबू पाठीवर घेऊन धावायची २ दिवसांची शर्यत वादळी पावसामुळे पहिल्याच दिवशी थांबवावी लागली. इथे आखलेली वाट नसते. नकाशावरच्या खुणा गाठायच्या. कशा, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

वाट निवडण्याच्या हिशेबाला आधार स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमाचा: ५ किलोमीटरला १ तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला १ तास जादा. म्हणजे १ मीटर चढ सुमारे ८ मीटर सपाटीइतका महाग! धारेवरून सरळ १ किलोमीटर, पण १५० मीटर चढ असेल, तर २ किलोमीटरचा सपाट वळसा स्वस्त.

धुकं उतरलं की हाच हिशेब फिरतो. उतारावर आडवं जाताना माणूस नकळत खाली सरकत राहतो आणि खूण वरच राहते. अशा वेळी धार किंवा दगडी कुंपण धरून गेलेलं बरं, अंतर वाढलं तरी. खूण ओढ्याकाठी असेल तर जाणकार मुद्दाम तिच्या एका बाजूला नेम धरतात. ओढा लागला की कुठे वळायचं याची शंकाच उरत नाही.

ओढ्याला पूर असेल तर मात्र तो ओलांडणारी वाट, कितीही जवळची असो, बाद.