गर्दीच्या दिवसांत दोन दिवस चंद्रपूर



शेतकऱ्याला सवड कधी मिळते? रब्बीचा माल घरात आला, खळे उरकले आणि खरिपाची घाई अजून सुरू व्हायची आहे, अशा चैत्राच्या दिवसांत. ज्यांच्या घरी मोहफुले वेचायची असतात त्यांना तर तेवढीही नाही. त्यांना फार तर दोन दिवस काढता येतात. शिक्षकाला सवड कधी? दिवाळीच्या नाहीतर उन्हाळ्याच्या सुटीत. म्हणजे साऱ्या जगाला जेव्हा सवड, तेव्हाच आपल्याला. ‘गर्दी नसेल तेव्हा शहर पाहायला जा’ हा सल्ला ऐकायला बरा वाटतो, पण तो आपल्या उपयोगाचा नाही. गर्दी असणारच असे धरून, दोन दिवसांत, मुलाबाळांसह, खिशाला झेपेल असे शहर कसे पाहावे, याचा विचार आज आपण करू. उदाहरण जवळचेच घेऊ: चंद्रपूर.

चंद्रपुरात गर्दीचे दोन मोठे प्रसंग येतात. पहिला चैत्रातल्या महाकालीच्या यात्रेचा. मराठवाड्यातून आणि तेलंगणातून हजारो भाविक येतात, झरपट नदीच्या काठी आणि देवळाच्या आसपास उतरतात, तिथेच चूल मांडतात. पौर्णिमेच्या सुमारास ही गर्दी सर्वांत जास्त असते. दुसरा प्रसंग ऑक्टोबरातला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा दिल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथेही दीक्षा दिली. त्याची आठवण म्हणून दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर मोठा जनसमुदाय जमतो. या दोन्ही वेळी शहरात खोली मिळणे कठीण, रिक्षा मिळणे कठीण, आणि जटपुरा दरवाजातून पलीकडे जाणे तर त्याहून कठीण.

हे असे का होते, ते समजून घ्या, म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल. चंद्रपूर हे गोंड राजांनी वसवलेले तटबंदीचे शहर. खांडक्या बल्लाळशहाने ते वसवले, अशी परंपरा आहे. राजाची कथा आपल्याकडे मुलांनाही ठाऊक असते: झरपटीच्या पाण्याने राजाच्या अंगावरचे व्रण बरे झाले, पुढे त्याने एक ससा कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिला, आणि ससा जिथून जिथून धावला तिथून राणीच्या सांगण्यावरून तट बांधला. कथा कथेच्या जागी. तट मात्र खरा आहे, सुमारे अकरा किलोमीटर लांबीचा. त्याला चार मोठे दरवाजे: उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय काही लहान खिडक्या. दरवाजे मुद्दाम अरुंद ठेवलेले, कारण शत्रूच्या फौजेला एकदम आत शिरता येऊ नये. शत्रू गेले, फौजा गेल्या. दरवाजे तेवढेच राहिले. आज त्याच दरवाजांतून मोटारी, रिक्षा, सायकली आणि माणसे ये-जा करतात. मग कोंडी होणार नाही तर काय होईल?

दूरदेशीचे एक उदाहरण सांगतो. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. त्या शहरालाही असाच जुना तट होता. १८५७ साली तिथल्या सम्राटाने, फ्रान्झ जोसेफने, तो पाडण्याचा हुकूम काढला, आणि तटाच्या जागी शहराला वळसा घालणारा रुंद रस्ता झाला. १८६५ साली तो रस्ता खुला झाला. व्हिएन्नाला रस्ता मिळाला. आपल्याकडे तट राहिला. पण गंमत बघा, एवढा रुंद रस्ता होऊनही नाताळाच्या आधीच्या आठवड्यांत तिथे बाजार भरतात तेव्हा मध्यवस्तीत पाय ठेवायला जागा नसते. जाणता प्रवासी अशा वेळी काय करतो? तो मध्यवस्तीत महागडी खोली शोधत बसत नाही. शहराबाहेर, पण रेल्वेच्या मार्गावर उतरतो; सकाळी लवकर आत जातो आणि गर्दी जमायच्या आत परततो. हीच युक्ती आपण आपल्या भूमीवर वापरायची आहे.

आपल्यासाठी ‘शहराबाहेर, पण रेल्वेवर’ असे गाव म्हणजे बल्लारपूर. चंद्रपूरपासून सुमारे पंधरा किलोमीटर. चंद्रपूरच्या आधीची गोंडांची राजधानी इथेच होती. हे कागद गिरणीचे गाव, मोठे जंक्शन. मध्य रेल्वेची हद्द इथे संपते आणि दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: गावाचे नाव बल्लारपूर, पण स्टेशनाचे नाव बल्लारशाह. तिकीट काढताना बल्लारशाहच सांगावे.

नावांचा दुसरा घोळ खुद्द चंद्रपुरात आहे. तिथे दोन वेगळी स्टेशने आहेत. नागपूर-वर्ध्याकडून येणारी गाडी ‘चंद्रपूर’ स्टेशनावर थांबते. गोंदिया, वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल या बाजूने येणारी गाडी ‘चांदा फोर्ट’ या स्टेशनावर जाते. एका नातेवाइकाने एका स्टेशनावर वाट पाहावी आणि दुसऱ्याने दुसऱ्या स्टेशनावर उतरावे, असे सहज होऊ शकते. बल्लारशाहला मात्र हे दोन्ही मार्ग एकत्र येतात. वडशाची मंडळी आणि वर्ध्याची मंडळी यांना एकत्र भेटायचे असेल, तर बल्लारशाह सर्वांत सोयीचे.

आता बेत कसा आखावा? पहिला नियम: आधी परतीचे ठरवा, मग जाण्याचे. आपण नेहमी उलटे करतो. जाताना उत्साह असतो, उभे राहूनही जाता येते. परत येताना मुले थकलेली असतात, हातात पिशव्या असतात, आणि गावाची मुक्कामी गाडी चुकली की रात्र स्टँडवर काढावी लागते. म्हणून आपल्या गावाची शेवटची गाडी तालुक्याहून कधी सुटते, तिथून मागे मोजत या, आणि त्या शेवटच्या गाडीच्या आधीची गाडी आपली समजा. शेवटची गाडी ही अडचणीसाठी राखून ठेवायची असते. लांबच्या रेल्वेगाडीत बसायचे असेल, तर आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते; यात्रेची तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, मग उशीर का करावा? एस.टी.ने जाणार असाल तर बायाबापड्यांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना प्रवास मोफत आहे. ओळखपत्र तेवढे जवळ असू द्या. शाळेच्या सहलीसाठीही एस.टी. सवलत देते, मुख्याध्यापकांच्या पत्रासह आगारात वेळेवर अर्ज करावा.

दुसरा नियम: मुक्काम फोनवर पक्का केल्याशिवाय घर सोडू नये. बल्लारपुरात खोली मिळण्याचा संभव चंद्रपुरापेक्षा अधिक, पण हमी कुणीच देऊ शकत नाही.

तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: दर्शन की शहर, यांतले एक निवडा. यात्रेत देवीचे दर्शन घ्यायचे असेल तर तो दिवस देवीचा. रांगेत किती वेळ जाईल ते आपल्या हातात नाही, आणि त्याबद्दल कुरकुर करू नये. शहर पाहायचे असेल तर बाहेरूनच हात जोडावेत, आणि यात्रा सरल्यावर पुन्हा यावे. जो दोन्ही एकाच सकाळी करू पाहतो, त्याचे मन रांगेत शहराकडे आणि शहरात रांगेकडे राहते.

समजा, शहर निवडले. मग पहिल्या दिवशी दुपारपर्यंत बल्लारपूरला पोचा. ऊन उतरेपर्यंत विसावा घ्या. चैत्रात आपल्याकडे पारा चाळीशी ओलांडतो. दुपारी बारा ते चार मुलांना बाहेर काढणे म्हणजे आजारपणाला आमंत्रण. सायंकाळी वर्धा नदीकाठचा बल्लारपूरचा किल्ला पाहा. तिथे यात्रेची गर्दी नसते. पण मुलांना नदीच्या पात्रात उतरू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघा. बाबूपेठेच्या बाजूने गेलात तर जटपुऱ्याची कोंडी लागत नाही; महाकाली आणि अंचलेश्वर ही दोन्ही स्थळे शहराच्या याच अंगाला आहेत. अंचलेश्वर दरवाजाजवळ अंचलेश्वराचे देऊळ आणि गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांत बीरशहाची समाधी सर्वांत देखणी. ती त्याच्या राणीने, हिराईने बांधली. नवऱ्यामागे राज्य सांभाळणाऱ्या या राणीची गोष्ट मुलींना तिथे उभे राहून सांगावी. वर्गात सांगितलेली विसरते, दगडाजवळ सांगितलेली राहते. मग तटाकडे वळा. कित्येक वर्षे त्यावर झाडेझुडपे माजली होती. २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तो साफ केला, म्हणून आज त्याच्या काही भागांवरून चालता येते. दहा वाजले की शहर सोडा. गर्दी आत येत असेल तेव्हा तुम्ही बाहेर पडत असाल. जेवण, विसावा, आणि दुपारनंतरची गाडी.

‘इतके जवळ आलो तर ताडोबाही करू’ असे कुणीतरी म्हणेलच. त्याला नम्रपणे नाही म्हणा. सफारीचे आरक्षण आधी करावे लागते, मूळ ओळखपत्र लागते, गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते, आणि सकाळची फेरी उजाडताच सुरू होते. ताडोबाला वेगळे दोन दिवस द्या. घाईत पाहिलेले जंगल आणि घाईत पाहिलेले शहर, दोन्ही स्मरणात राहत नाहीत.

आता मुलांविषयी. गर्दीत मूल चुकणे ही आईबापांना सर्वांत मोठी धास्ती. प्रत्येक मुलाच्या खिशात गावाचे नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. फोनवर भिस्त ठेवू नका. गर्दीत फोन लागत नाही आणि संध्याकाळी त्याची बॅटरी संपलेली असते. चुकल्यास भेटायची जागा सकाळीच दाखवून ठेवा. ती अशी हवी, की नाव सगळ्या गावाला माहीत, पण रांग तिथे नाही. आणि मुलाला एवढेच शिकवा: ‘चुकलास तर शोधत फिरू नकोस, आहेस तिथे थांब किंवा पोलिसाकडे जा.’ शोधणारा एकच असावा. दोघेही फिरू लागले की भेट होत नाही. गरज पडली तर ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. शिक्षकांनी आठ-आठ मुलांचा गट करावा आणि प्रत्येक गटामागे एक मोठे माणूस ठेवावे. माणसे तितकी नसतील तर मुले कमी न्यावीत.

शेवटी एक गोष्ट. आपण जिला गर्दी म्हणतो ती माणसेच असतात. कुणी नांदेडहून नवस फेडायला आलेले, कुणी आपल्या बापजाद्यांच्या जीवनात उजेड पडला त्या दिवसाला वंदन करायला आलेले. त्यांच्यासाठी तो दिवस वर्षाचा आहे. आपल्यासाठी ती दोन दिवसांची सहल आहे. वाट त्यांना आधी द्यावी, पाणपोईवर त्यांना आधी घोट घेऊ द्यावा, चुलीवर भाकरी भाजणाऱ्या बाईचा फोटो तिला विचारल्याशिवाय काढू नये. एवढे पाळले, तर आपले जाणे कुणाला जड होणार नाही, आणि मुले घरी येऊन तट, राणी आणि माणसे, तिन्हींविषयी बोलतील.